कडूटेपावरचा पहिला घोट

त्या काळ्या दोऱ्याच्या झाडाला हात लावू नका, पाव्हणं. फोटो काढायचा तर लांबून काढा. या टेपावर, म्हणजे या टेकाडावर, कुड्याची दोन जातीची झाडं आहेत, पांढरा कुडा आणि काळा कुडा. पानं गळली की ओळखायची पंचाईत. पांढऱ्याची साल जहर कडू, आणि तो कडूपणाच पोटातली आव थांबवतो. तुमच्या डॉक्टर लोकांनी त्या कडू सत्त्वाला भलंमोठं नाव दिलंय म्हणे. देवोत बापडे. काळ्याच्या सालीत तो कडूपणा नाही, म्हणून त्याला काळा दोरा. पहिला दोरा चिंधाबाईनं बांधला असं सांगतात.

चिंधाबाई ही या वाडीची औषधवाली, फार जुन्या काळची. एका फाल्गुनात झऱ्याचं पाणी नासलं आणि वाडीत रक्ती आव पडली. माहेरपणाला आलेली तिची लेक येसूही आडवी झाली. चिंधा साल आणायला टेपावर गेली. तेव्हा इथं वाघ होता. साल काढण्याआधी तुकडा चघळून बघायचा, हे तिला सासूनं शिकवलेलं. पण मागं पाचोळा वाजला आणि बाईची बोबडी वळली. समोर दिसलं त्या झाडाची साल ओरबाडून तिनं ओच्यात कोंबली आणि धूम ठोकली.

काढा उकळला. पहिली वाटी शेजारच्या राघू म्हाताऱ्याला, कारण तो फार खंगला होता. म्हातारा म्हणाला, "या खेपेला बरा लागतोय गं चिंधे. कडू न्हाई." ती हसली म्हणे! मग तिनं लेकीलाही तेच पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा गेला.

तिरडी उठल्यावर तिला त्याचं बोलणं आठवलं. गाडग्यातला उरलेला काढा तिनं चाखला. कडूपणाचं नाव नाही. येसूचे डोळे खोल गेले होते. पुन्हा टेपावर जायला हवं होतं, आणि सोबत यायला कुणी धजेना. तिला वाघाचं भय होतंच, पण आता स्वतःच्या हाताचं जास्त वाटायला लागलं.

चढताना ती मोठमोठ्यानं बोलत होती असं सांगतात. "वाघोबा, लेकीसाठी आलेय रे. यापुढं या तोंडानं चाखल्याबिगर या हातानं कुणाला थेंब देणार न्हाई. खायचं तर मला परत येताना खा."

वाघ झाडाखालीच बसला होता म्हणे. तरी तिनं आधी शेंगा निरखल्या. काळ्याच्या जोडशेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याची सुटी. या सुट्या होत्या. वाघावरची नजर न काढता तिनं साल सोलली, तुकडा चघळला. तोंड वेडंवाकडं झालं आणि तिला रडूच फुटलं, आनंदानं. वाघ उठला आणि ओढ्याकडं निघून गेला.

घरी राघूची सून दारात आडवी उभी. "हिच्या हातचं पाजू नका. माझा सासरा गेला."

चिंधानं काही झाकलं नाही. "मी भ्याले. चाखलं न्हाई. चूक माझीच," असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. काढा झाल्यावर पहिला घोट तिनं स्वतः घेतला.

येसूनं विचारलं, "आये, कडू हाय का?"

"जहर हाय गं बये."

तेव्हा कुठं पोरीनं तोंड उघडलं. चौथ्या दिवशी ती उठून बसली. काळा दोरा बांधायला राघूची सून चिंधासोबत टेपावर आली होती.

आजही सालीचा पहिला तुकडा राघूच्या उंबऱ्यावर ठेवतात. आजही पाजणारा आधी स्वतः घोट घेतो, आणि आजारी माणूस विचारतो, कडू हाय का? तुमच्या पिशवीतलं ते गुलाबी औषध आमच्या पोरांना द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण आधी तुम्ही घोट घ्या. औषध गोड लागलं की इथली माणसं अजून घाबरतात.