हिरव्या म्हशीचा बोल्ट

खूप मागची गोष्ट आहे. किती मागची? राजे होते, दवंड्या होत्या, आणि त्या राज्याच्या फौजेत ट्रकही होते. तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, काळाचा हिशेब ज्यानं त्यानं आपापला करावा.

त्या डोंगराळ राज्याच्या राजाचं शेजारच्या राजाशी भांडण होतं. भांडता भांडता दोघेही म्हातारे झाले, कंटाळले आणि एका सकाळी तह करून मोकळे झाले. जवान आपापल्या घरी गेले. छावणीच्या मैदानात उरले ते हिरवे, दणकट, पुढं आलेल्या नाकाचे ट्रक. राजानं दवंडी पिटवली, "ज्या गावाला बाजारासाठी घाट ओलांडावा लागतो, त्या गावानं एक ट्रक घेऊन जावा!"

घाटाच्या पायथ्याच्या एका गावालाही असा ट्रक मिळाला. तो चढावर फुसफुसायचा आणि उतारावर डुलायचा. गावानं त्याचं नाव ठेवलं, हिरवी म्हैस.

त्या गावात दोडकी, वांगी, घेवडा असं मुबलक पिकायचं. पण बाजार घाटापलीकडे. आतापर्यंत बायका डोक्यावर पाट्या घेऊन घाट चढायच्या आणि पोहोचेपर्यंत भाजी निम्मी सुकून जायची. आता पाट्या म्हशीत, बायकाही म्हशीत, आणि सगळ्या गाणी म्हणत बाजाराला जायच्या. म्हैस चालवायचा हैबती. तो पूर्वी बैलगाडी हाकायचा, म्हणून ट्रकशीही बोलायचा. "चल गं बाई, एवढंच वळण राहिलंय," असं म्हणत तो घाट चढायचा.

घाटात मात्र धुकं फार. भरदुपारीसुद्धा दिवे लावल्याशिवाय पुढचं वळण दिसायचं नाही. दिव्यांना वीज देणारं एक यंत्र इंजिनाच्या कडेला असतं, त्याला म्हणतात अल्टरनेटर. इंजिनाचा पट्टा त्याला फिरवतो, आणि एक लांब बोल्ट त्याला इंजिनाशी धरून ठेवतो. आपली सगळी गोष्ट त्या बोल्टची आहे.

एके दिवशी तो बोल्ट मोडला. अल्टरनेटर लोंबकळला, पट्टा निसटला, दिवे मंदावले. हैबतीनं जपून जपून म्हैस घरी आणली.

गावात शिदोजी मिस्तरी होता. विहिरीचा पंप असो की पिठाची गिरणी, तो हात लावी आणि काम होई. हातांत जोरही भरपूर. कुठलीही वस्तू कुरकुरली की शिदोजी पाना घेऊन ती करकचून आवळायचा आणि म्हणायचा, "आता हलून दाखव!"

त्यानं मोडका बोल्ट उलटसुलट पाहिला. "जुना झाला होता," तो म्हणाला आणि ठकूआक्का लोहारणीकडून नवा घडवून आणला. करकचून आवळला.

थोड्याच खेपांत तोही मोडला.

"आक्का, लोखंड कच्चं दिसतंय," शिदोजी म्हणाला. "भट्टी नीट तापत नाही का तुमची?"

ठकूआक्कानं ओठ मिटून जाडजूड बोल्ट घडवला. शिदोजीनं भोक मोठं केलं, नवे आटे पाडले, आणि पान्याला गज लावून आणखी जोरानं आवळला. तो तर पहिल्यापेक्षा लवकर मोडला.

"मी म्हटलं नव्हतं? लोखंडच कच्चं!"

आता मात्र ठकूआक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझ्या पहारींनी या गावानं विहिरी खणल्या, शिदोजी. खडक फुटला, पहार नाही फुटली. यापुढं तुझ्यासाठी मी एक खिळासुद्धा घडवणार नाही!"

शिदोजी चिडून बाजारगावी गेला आणि तिथून काळेभोर, चकचकीत बोल्ट घेऊन आला. त्यातलाही पहिला मोडला. लोखंडाला आता दोष देता येईना. मग तो पारावर जाऊन पाटलांना म्हणाला, "दोष हैबतीचा आहे. बैल हाकावेत तसा ट्रक हाकतो. खड्डा बघत नाही, दगड बघत नाही."

हैबती गडबडून उठला. "पाटील, मी तर खड्ड्याला रामराम घालून मग चाक घालतो!"

लोक हसले. पण मोडलेला बोल्ट सगळ्यांना दिसत होता आणि हैबतीचं जपून चालवणं कुणालाच दिसत नव्हतं. पाटलांनी किल्ली मागितली. हैबतीनं ती दिली, जाता जाता म्हशीच्या नाकावरून हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवसापासून घाटात शेळ्या चारायला जाऊ लागला. घरी तो कुणाशी फारसा बोलेना. शेळ्यांशीही बोलेना.

"मीच चालवतो आता," शिदोजी म्हणाला. "बघा कसा बोल्ट मोडतो ते."

बाजाराच्या दिवशी म्हैस भरून निघाली. ठकूआक्काही आपले विळे-कोयते घेऊन मागं बसल्या होत्या, शिदोजीकडं पाठ करून. शिदोजीनं खरोखरच फार जपून चालवलं. एक खड्डा घेतला नाही, एक दगड घेतला नाही. बाजार छान झाला.

परतताना दुपारीच धुकं उतरलं. शिदोजीनं दिवे लावले. घाटमाथा ओलांडून म्हैस उताराला लागली, आणि इंजिनातून आवाज आला, टण्ण!

दिवे हळदीसारखे पिवळे झाले, मग विझले. समोर नुसता पांढरा पडदा. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. शिदोजीनं अंदाजानं म्हैस पुढं घेतली तर चाकाखालची माती सरकली आणि दगड गडगडत दरीत गेले. बायका किंचाळल्या. शिदोजीनं सगळं बळ एकवटून ब्रेक दाबला. 

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला, "मिस्तरी, ब्रेकवरचा पाय काढू नका! दगड लावतो आधी."

हैबती होता. शेळ्या गोळा करून तो घरी निघाला होता. त्यानं चाकांमागंपुढं दगड लावले, वाकून रस्ता पाहिला. मग डोक्याचं पांढरं मुंडासं सोडून कमरेला बांधलं आणि त्याचं लांब टोक पाठीमागं सोडलं.

"मी पुढं चालतो. या पांढऱ्यावर नजर ठेवून या. मी थांबलो की थांबा."

अशी ती वरात निघाली. पुढं शेळ्या, मग हैबती, मग म्हैस. हैबती मागं न बघता बोलत होता, "चल गं बाई, डावीकडं घे. हां, अशी." तो नेमका कुणाशी बोलतोय, म्हशीशी की मिस्तरीशी, हे कुणालाच कळेना, आणि त्या भीतीतही बायकांना हसू फुटलं.

गाव आलं. शिदोजी खाली उतरला आणि पायरीवरच बसला.

"हैबती," तो म्हणाला, "मी एकसुद्धा खड्डा घेतला नव्हता रे. तरी मोडला."

"होय ना," हैबती शांतपणे म्हणाला. "मी चालवायचो तेव्हाही तसाच मोडायचा."



दुसऱ्या दिवशी सकाळी शिदोजीनं म्हशीचं नाक उघडलं. या वेळी बोल्टचा अर्धा तुकडा इंजिनातच अडकून बसला होता. ठकूआक्का आपल्या ऐरणीपाशी बसून सगळं बघत होत्या. शेवटी त्या उठून आल्या. "खिळा घडवणार नाही म्हणाले होते. तुकडा काढणार नाही असं कुठं म्हणाले होते?"

त्यांनी तुकड्याभोवती रॉकेल सोडलं, कडेनं धग दिली. शिदोजीनं तुकड्याच्या मधोमध बारीक भोक पाडलं. आक्कानं त्यात चौकोनी, निमुळती पोलादी खुंटी ठोकून बसवली. आता ती उलटी फिरवायची होती. शिदोजीनं सवयीनं दंड फुगवले.

"हळू रे बाबा! कुस्ती नाही खेळायची त्याच्याशी. थोडं पुढं, थोडं मागं."

थोडं पुढं, थोडं मागं, असं करता करता तुकडा कुरकुरला आणि अलगद बाहेर आला. शिदोजीनं नवा बोल्ट घातला. पण या वेळी तो आवळण्याआधी थांबला. मघाशी हळू फिरवताना त्याला एक गोष्ट कळली होती. इतके दिवस त्यानं जोर लावला होता, पण नीट पाहिलं नव्हतं. त्यानं बेतानंच बोल्ट लावला आणि हैबतीला इंजिन चालू करायला सांगितलं. आणि पाना खाली ठेवून तो नुसता बघत बसला.

इंजिन चालू झालं. पट्टा सरळ धावेना, तिरका ओढू लागला. अल्टरनेटर ताप आलेल्या माणसासारखा थरथरत होता. शिदोजीनं इंजिन बंद करवलं आणि बोट घालून चाचपलं. ज्या दोन लोखंडी पट्ट्यांमधून बोल्ट जात होता, त्यांच्यामध्ये बोटभर फट होती. तिथं लोखंडाचं एक कडं असायला हवं होतं. फौजेत कधीतरी कुणी अल्टरनेटर काढला असेल, कडं गवतात पडलं असेल, आणि ते तसंच राहून गेलं असेल.

"आक्का, इकडं या!" तो ओरडला. "या फटीमुळं मी जितका आवळत होतो, तितकी ही पट्टी वाकत होती. यंत्र तिरकं होत होतं. सगळा पीळ बिचाऱ्या बोल्टवर! आणि वर मी गज लावून..."

"आणि वर तू माझी भट्टी काढलीस," आक्का म्हणाल्या. पण बोलता बोलता त्या कडं घडवायला वळल्याही होत्या.

वाकलेली पट्टी सरळ केली. कडं फटीत चपखल बसलं. शिदोजीनं बोल्ट घातला आणि जेवढा हवा तेवढाच आवळला. इंजिन चालू केलं, तर पट्टा सुतासारखा सरळ, आणि अल्टरनेटर जागच्या जागी गुमान गुणगुणत होता.

संध्याकाळी शिदोजी स्वतःहून पारावर गेला. "पाटील, दोष आक्कांच्या लोखंडाचा नव्हता, हैबतीचा तर नव्हताच. मी नीट न बघता बोट दाखवलं. म्हशीची किल्ली ज्याची त्याला द्या."

पाटलांनी किल्ली पुढं केली. हैबतीनं लगेच घेतली नाही. "एक अडचण आहे. आता या शेळ्यांना माझा लळा लागलाय. बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडं कोण बघणार?"

सगळा पार शिदोजीकडं वळला. शिदोजीनं मान खाजवली. "बघतो मीच," तो म्हणाला, आणि पारावर असा हशा पिकला की झाडावरचे बगळे उडाले.

तेव्हापासून म्हशीचा बोल्ट मोडला नाही. बाजाराच्या दिवशी बायका पुन्हा गाणी म्हणत घाट चढायच्या, आणि शिदोजी शेळ्यांमागं धावत असायचा. दुसऱ्या गावांचे ट्रकही त्याच्याकडं येऊ लागले. कुणी मोडका बोल्ट दाखवून म्हणालं, "आमचा ड्रायव्हरच वाईट आहे," की शिदोजी त्याला आधी बसायला सांगायचा आणि म्हणायचा, "इंजिन चालू करा. बघू तरी काय होतंय."

तात्पर्य: जे मोडलं त्याला दोष देण्याआधी, त्याच्यावर पीळ कुठून पडतोय ते शोधावं.