डाव्या डोळ्यातलं पाणी

"पण बाई, कांदा नव्हता, तर मग होतं काय?"

तानीबाईंनी पानाला चुना लावता लावता वर पाहिलं. रिकाम्या नाट्यगृहात दुपारची तालीम नुकतीच संपली होती. पेटीवाले आणि तबलजी चहाला गेले होते. रंगमंचावर उरल्या होत्या त्या दोघीच, सत्तरी ओलांडलेल्या तानीबाई आणि त्यांची शिष्या कुमुद.

"काही नव्हतं."

"बाम?"

"नाही."

"ग्लिसरीन?"

"आमच्या वेळी ते हात फुटले की लावायचे गं."

कुमुदला ते पटलं नाही. तिचा स्वभावच तसा. देवळातलं तीर्थ तळहातावर पडलं तरी ती आधी वास घेणार, मग पिणार.

या खेपेला मात्र संशयाला कारण होतं. तानीबाईंनी तीस वर्षं राणी रेवतीचं काम केलं होतं. चौथ्या अंकात राजपुत्र हद्दपार होतो आणि राणी एकटी उरते. त्या जागी बाईंच्या डाव्या डोळ्यातून एकच थेंब गालावर उतरायचा, अशी त्यांची ख्याती. उजव्या नव्हे, डाव्याच. ज्यांनी तो पाहिला होता ते म्हातारे झाले, तरी तो हनुवटीपर्यंत कसा आला ते रंगवून सांगत.

आता रेवती कुमुदकडे आली होती. शनिवारी पहिला प्रयोग. मालकांनी साफ सांगितलं होतं, चौथ्या अंकात लोक रडले नाहीत तर पुढच्या प्रयोगाला रेवती दुसरी. दुसरी म्हणजे मालकांची भाची, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

रडता तर कुमुदला येत होतं. हवं तेव्हा, हवं तितकं. दोन्ही डोळ्यांतून धारा लागायच्या, नाक लाल व्हायचं, काजळ ओघळायचं. आणि समोर बसलेले लोक खुशाल जांभया द्यायचे.

म्हणजे काहीतरी युक्ती होती आणि बाई ती लपवत होत्या. कुणासाठी? त्या भाचीसाठी? की आपल्यामागे आपल्यासारखी कुणी होऊच नये म्हणून? कुठंतरी पाणी मुरत होतं हे नक्की.

गेले काही दिवस ती बाईंवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवून होती. एकदा बाई आंघोळीला गेलेल्या पाहून तिने त्यांची ट्रंक उघडली आणि रेवतीचा जुना शालू पदरापासून काठापर्यंत हुंगला. कापराचा वास आला तशी ती हरखली. मग बाकीच्या साड्या हुंगल्या. कापूर सगळ्यांतच होता.

"तुम्हाला मला शिकवायचंच नाहीये," ती शेवटी बोलून गेली.

"ट्रंकेत काही सापडलं का?"

कुमुदचे कान तापले. पण आता मागे हटण्यात अर्थ नव्हता.

"नाही सापडलं. म्हणून तर विचारतेय. बाई, माझं सगळं या शनिवारवर आहे. हे काम गेलं की मी पुन्हा दासी. जन्मभर राणीच्या मागं पंखा हलवत उभी राहीन..."

बाईंनी पान तसंच खाली ठेवलं.

"त्या थेंबाचं तुला कुणी सांगितलं?"

"वडिलांनी. त्यांनी स्वतः पाहिला होता."

"कुठं बसले होते?"

"पार शेवटच्या बाकावर."

"तेव्हा गॅसबत्त्या असायच्या. तिथून माझं नाकसुद्धा दिसत नसेल."

"पण त्यांनी पाहिला!"

"पाहिला असेल..."

बाईंनी शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं.

"जा," बाई म्हणाल्या. "तिथं जाऊन बस."

कुमुद उठली. जाताना तिने बाईंची चुन्याची डबी उचलली आणि बरोबर नेली. चुन्याचं बोट डोळ्याला लावतील, काय नेम!

शेवटच्या बाकावरून ती ओरडली, "हात दाखवा!"

बाईंनी दोन्ही हात वर केले. मग पदर झटकून दाखवला. त्यात काही नव्हतं.

मग तानीबाई खाली बसल्या.

नाटकात राजपुत्राचं ताट वाढलेलं असतं आणि तो न जेवता निघून जातो. कुमुद तालमीत त्या ताटावर कोसळायची, हंबरडा फोडायची. बाईंपुढे ना ताट होतं, ना तांब्या. तरी त्यांनी पाण्याचा तांब्या ताटाच्या आणखी जवळ सरकवला. कुणीतरी हात धुवायला गेलंय आणि आता येईलच, अशा बेताने.

मग त्यांना दारात दासी दिसली. दारात कुणी नव्हतं. बाई ताठ झाल्या, पदर सारखा केला आणि तिच्याकडे बघून हसल्या. ने ते, अशी मानेनेच खूण केली.

दासी आली असावी. तिने ताट उचलायला घेतलं असावं. पण बाईंची बोटं ताटाच्या काठावरून निघेनात.

चेहरा हसतोय... आणि बोटं सुटत नाहीत.

कुमुद त्या बोटांवर पाळत ठेवून होती. त्यांतच काहीतरी असणार. मग केव्हातरी ती पाळत ठेवायची विसरली.

एक बोट सुटलं. मग दुसरं...

आणि तिला दिसलं. बाईंच्या डाव्या डोळ्याच्या कडेला काहीतरी लकाकलं, गालावरून सावकाश उतरलं आणि हनुवटीशी येऊन थांबलं.

"सापडलं!"

ती बाकांना धडकत पुढे धावली आणि रंगमंचावर चढली. मानमर्यादा सगळी विसरून तिने बाईंची हनुवटी धरली, डाव्या गालावर बोटं टेकवली.

गाल कोरडा होता.

उजवाही कोरडा. तिने पदर चाचपला, दोन्ही तळवे उलटे करून पाहिले. कुठंही ओल नव्हती.

"पुसलंत!" ती धापा टाकत म्हणाली. "मी येईपर्यंत पुसलंत तुम्ही!"

बाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या...

मग त्यांनी आपला पदर तिच्यापुढे धरला.

"मी नाही पुसलं, पोरी. तू पूस."