देवापुढचा पाट

कराडच्या एसटी स्टँडसमोर दौलतराव ढमढेऱ्यांचं 'बर्गर दरबार' होतं. काउंटरवर सातवा महिना लागलेली रेश्माताई दिवसभर ऑर्डरी घ्यायची आणि गिऱ्हाईक नसलं की घटकाभर स्टुलावर टेकायची. दौलतरावांनी ते पाहिलं आणि स्टूल उचलून केबिनमध्ये नेलं.

"गिऱ्हाईक म्हणजे देव. देवापुढे कुणी बसतं का? उभं राहणं जमत नसेल तर उद्यापासून घरीच बसा."

घरी बसून रेश्माताईचं भागणार नव्हतं. ती उभी राहिली. तिचे पाय सुजले. बटाटे तळणारी तृप्ती ते बघत होती आणि गप्प होती. गप्प राहण्याबद्दल तृप्तीची ख्याती नव्हती.

शुक्रवारी दुकानाच्या वाढदिवसाचा सत्यनारायण होता. मांडामांड तृप्तीकडे होती. दौलतराव सोवळं नेसून आले. चौरंग, केळीचे खांब, प्रसाद, सगळं जागेवर होतं. यजमानांचा पाट तेवढा नव्हता.

"अगं, पाट कुठाय?"

"उचलून ठेवला, साहेब. देवापुढे बसायचं नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणून पूजा काय उभ्यानं करू? माझे गुडघे बघ जरा!"

"यजमान, बसून घ्या," गुरुजी म्हणाले. "बसल्यानं सेवेत काही कमी येत नाही."

तृप्ती आत गेली. एका हातात पाट, दुसऱ्या हातात केबिनमधलं स्टूल घेऊन आली. प्रसादाला थांबलेली सगळी गिऱ्हाइकं बघू लागली.

"पाट इथं ठेवते, साहेब. स्टूल कुठं ठेवू?"

दौलतरावांनी गुरुजींकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकांकडे.

"काउंटरमागे," ते म्हणाले.

पूजा यथासांग पार पडली. सत्यनारायणापुढे दौलतराव बसले होते, गिऱ्हाइकांपुढे रेश्माताई. कुठल्याच देवानं तक्रार केली नाही.