थोरल्याचा ताल चुकला

फार मागे एका थेंबात दोन इलेक्ट्रॉन भाऊ राहत. बाकी सगळे जोडीने फिरत. हे दोघेच सडे, तेही एकमेकांपासून लांब. थोरल्याला एकच अभिमान होता, की आपल्या फिरण्याचा ताल कधी चुकत नाही.

"तुझा धाकटा केव्हाच गेला," जोडीवाले त्याला चिडवत. त्या गलक्यात थोरल्याला भावाची चाहूल लागेना. त्याने थेंबाला वेढून बसलेल्या चुंबकआजोबांना गाठलं.

आजोबांनी थेंब गोठू दिला. गलका निवला. "बाळा, तू फिरत राहा. मी पलीकडे टिचकी मारतो. धाकटा तिथे असेल, तर तो उलटा होईल, त्याची तुझ्यावरची ओढ बदलेल आणि तुझा ताल जरासा चुकेल."

टिचकी वाजली. थोरला अडखळला.

"चुकला, चुकला!" जोडीवाले ओरडले.

"चुकला रे!" थोरल्याचा जीव भांड्यात पडला. "आहे, माझा धाकटा आहे!"