खाजणवेळच्या चेंडूचे वाटेकरी

फार वर्षांपूर्वी, आपल्या किनाऱ्याला आगबोट लागायची आणि उतारू पडाव नावाच्या होडीत बसून काठावर यायचे, त्या काळी खाजणवेळ गावात सगुण कुबल नावाचा खलाशी परत आला. अर्धं आयुष्य त्याने बोटीच्या पोटात कोळसा ओढला होता. गावाला वाटलं, आता ट्रंक उघडेल आणि घड्याळ निघेल, चिनी रेशीम निघेल. ट्रंक उघडली. आत दोन सदरे, एक ब्लँकेट आणि चामड्याचा एक चेंडू होता, तोही दोन्ही टोकांना निमुळता.

त्याची बायको सत्यभामा बराच वेळ चेंडूकडे बघत राहिली. "इतकी वर्सा बोटीर रवलात," ती म्हणाली, "आणि आणलात काय, तर चेपलेलो नारळ."

सगुणने सुस्कारा सोडला. गावाने ऐकलेला तो त्याचा पहिला सुस्कारा. असं म्हणतात की त्या सुस्काऱ्याने ओसरीवरचा दिवा विझला आणि शेजारच्या घरातलाही विझला.

आता चेंडूचं सांगायला हवं. विलायतेतल्या ज्या बंदरात सगुणची बोट थांबायची, तिथे गोदीत राबणारी पोरं सुट्टीच्या दिवशी रग्बी नावाचा खेळ खेळायची. एकेका बाजूला तेरा जण. चेंडू पोटाशी धरून पळायचं, समोरचे पाडायला येतात, पाडलं की उठायचं, आणि शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवायचा. हातातून चेंडू द्यायचा तो फक्त आपल्या मागच्याला, पुढच्याला कधीच नाही. सगुणला खेळ आवडलाच, पण त्याला जास्त आवडली ती दुसरीच गोष्ट. ते मंडळ पोरांचं होतं. त्यात कुणी शेठ नव्हता, कुणी मानकरी नव्हता. जागा त्यांनीच साफ केली होती, नियमांवरून भांडत तेच आणि मिटवतही तेच. बोटीच्या कठड्याला टेकून सगुण बघत राहायचा आणि त्याला आपल्या गावची पोरं आठवायची. खाजणवेळच्या पोराला जन्मापासून सगळं सांगून मिळायचं. ऊठ. दोर धर. वाटा घे. गप्प बस. त्याच्या मालकीचं काहीच नव्हतं. त्याची चूकसुद्धा बापाच्या नावावर जायची.

या पोरांचं स्वतःचं असं काहीतरी हवं, एवढंच सगुणच्या डोक्यात होतं. एवढीशी गोष्ट. पण एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाला किती वैतागावं लागतं, ते खाजणवेळने त्याला दाखवलं.

पावसाळा लागला, दर्या बंद झाला, जाळी माळ्यावर गेली आणि पोरं मोकळी झाली. सगुणने तेरा जण गोळा केले आणि पुळणीवर, ओल्या घट्ट वाळूत, काठीने रेषा ओढल्या. दुसऱ्या दिवशी तो मीठ आणायला बाजाराला गेला, आणि तेवढ्यात साबाजी नावाच्या म्हाताऱ्याने चेंडू उचलून घरी नेला. साबाजी जाळी विणायचा. फार मायाळू माणूस. सगुणला परदेशात कुणीतरी वाकडा चेंडू देऊन फसवलं, याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं. त्याने चेंडू उसवला, पाण्यात भिजवला, आत काथ्या ठासून भरला, वरून लाकडी मोगरीने ठोकला आणि संध्याकाळी छान वाटोळा करून सगुणच्या ओसरीत आणून ठेवला.

"घे," साबाजी म्हणाला. "सरळ केलंय. पैसे नको."

सगुणने चेंडू उचलला. तो जाऊन समुद्राकडे तोंड करून बसला. असं म्हणतात की त्या संध्याकाळी भरती आली ती त्याच्या पायांपासून वावभर अंतरावर थांबली, कारण पुढे जायची तिची हिंमत झाली नाही.

चेंडू पुन्हा उसवून त्याने निमुळता केला. मग सुरू झाला मागे देण्याचा घोळ.

"काकानू," नागेश म्हणाला. हा नागेश सगळ्यांत चपळ, वाळूवर त्याचं पाऊल उमटायच्या आत तो पुढे गेलेला असायचा. "पुढे जावचा आसा, तर मागे कित्याक टाकूचो?"

"कारण तसा नियम आहे."

"कोणी केलो?"

"ज्यांनी खेळ केला त्यांनी."

"त्यांका पुढे जावचा नव्हता काय?"

महिनाभर हेच. सगुणचा घसा बसला. त्याच्या वैतागाची गावाला इतकी सवय झाली, की तो ज्या वाटेने पुळणीवर जायचा त्या वाटेवर बायका ओले कपडे वाळत घालायला लागल्या. ऐन श्रावणात, भर पावसाच्या झडीत, त्याच्या सुस्काऱ्यांनी कपडे कडकडीत वाळायचे, असं म्हणतात. सत्यभामा तर शेजारणींना सांगायची, "आज तुमची लुगडी लवकर वाळत घाला हां, रात्री नीट जेवूक नाय ते."

शेवटी एक दिवस सगुण होडीचा जाडजूड दोर घेऊनच आला. दोर त्याने वाळूत टाकला आणि म्हणाला, "हा ओढा. रापण ओढता तसा."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि दोन्ही टोकांचे दोर काठावरची माणसं ओढतात. ओढायचं मागे मागे सरत. सगळ्यांत मागे पोचलेला माणूस दोर सोडतो, धावत पाण्यापाशी जातो आणि तिथे पुन्हा दोर धरतो. कुणी एका जागी उभा राहत नाही, म्हणून जाळं येतं. पोरांनी दोर धरला, ओढला, सोडला, धावली, पुन्हा धरला. मग सगुणने दोर काढून घेतला आणि त्यांच्या हातात चेंडू दिला.

"आता पुढचा मागच्याला देईल, आणि देऊन झालं की थांबायचं नाही. मागे जाऊन पुन्हा घ्यायला उभं राहायचं."

त्या एका संध्याकाळी पोरं खेळ शिकली. चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात असा सरकायला लागला, की काठावर बसलेल्या कावळ्यांना माना फिरवून फिरवून चक्कर आली, असं म्हणतात. सगुणला वाटलं, संपलं. आता वैताग संपला.

कुठला संपतोय. दोराबरोबर रापणीचा कायदाही खेळात शिरला. रापणीत ज्याचा हात दोराला लागला त्याचा मासळीत वाटा, मग तो म्हातारा असो, लंगडा असो की वाटेने जाताना सहज हात लावलेला पाहुणा असो. हा कायदा पोरांच्या अंगात इतका मुरलेला होता, की नागेश रेषेपलीकडे पोचायचा, समोर कुणी नसायचं, आणि तो चेंडू न टेकवता वळून मागे बघायचा.

"टेकव," सगुण ओरडायचा. "टेकव ना रे मेल्या, कुणाची वाट बघतोस?"

"धाकूचो हात लागाक नाय, काकानू."

धाकू हा तेरांतला सगळ्यांत जाडजूड गडी. तो पडला तर तिघांना घेऊन पडायचा, पण धावायला अगदी मंद. तो बिचारा तोंडाने श्वास घेत मागून यायचा आणि बाकीचे बाराजण त्याची वाट बघत रेषेवर उभे.

"हा काय मासा आहे? वाटे घालायचेत याचे?"

पोरं एकमेकांकडे बघायची. प्रश्नच त्यांना कळायचा नाही.

यात आणखी एक अडचण होती. खेळायला समोर कुणी नव्हतं. मग सगुण खाडी ओलांडून आंबेकोंड गावात गेला आणि तिथल्या पोरांनाही तोच खेळ शिकवून आला. खाजणवेळचे लोक म्हणाले, हा फितूर झाला. आंबेकोंडचे म्हणाले, हा हेर आहे. सगुण दोन्ही काठांवर शिव्या खायचा आणि मधल्या होडीत बसून एकटाच बडबडायचा. आंबेकोंडची पोरं मात्र रेषा दिसली की चेंडू टेकवून मोकळी व्हायची.

आणि मग बाबली तांडेल बोलला. रापण त्याच्या हुकमाने लागायची. माणूस कडक, पण कायद्याबाहेर कधी पाऊल टाकलं नाही.

"सगुण," तो म्हणाला, "पावसात खेळवलंस, मी गप्प रवलंय. नारळी पुनव झाली की दर्या उघडतलो. सकाळ-संध्याकाळ माका पोरां दोरार होयी. तुझो खेळ बंद."

सगुण तिथल्या तिथे पेटला. दोघांचं बरंच वाजलं. शेवटी ठरलं असं, की नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून झाला की खाजणवेळ आणि आंबेकोंड खेळतील. खाजणवेळ जिंकलं तर संध्याकाळ पोरांची. हरलं तर बाबली तांडेल चेंडू खोल पाण्यात नेऊन बुडवणार, आणि मंडळ मोडलं.

सामन्याआधी सगुणने तेराही जणांना पूजेच्या नारळावर हात ठेवायला लावला. "आण घ्या. जो आधी रेषेपलीकडे जाईल तो चेंडू टेकवेल. मागे बघणार नाही."

पोरांनी आण घेतली.

दोन्ही गावं पुळणीवर लोटली. असं म्हणतात की त्या दिवशी पोरं एकमेकांवर आदळली तेव्हा जमीन एवढी हादरली, की विहिरींचं पाणी काठावर आलं आणि मंदिरातली घंटा आपोआप वाजली. धाकूने एकदा आंबेकोंडच्या पाचजणांना खांद्यावर लोंबकळत ठेवून अर्धी पुळण पार केली. कुणालाच चेंडू टेकवता येईना. भरती चढत होती, लाट एकेक रेषा पुसत होती आणि मैदान अरुंद होत चाललं होतं. दिवस मावळायला आला, आणि तेवढ्यात नागेश सुटला.

समोर मोकळी वाळू होती. तो रेषेपलीकडे पोचला. गाव उभं राहिलं. आता नुसतं वाकायचं होतं.

नागेशने मागे बघितलं.

सगुण ओरडला. ती आरोळी दीपस्तंभावरच्या माणसाने ऐकली आणि जहाज फुटलं समजून भोंगा वाजवला, असं म्हणतात. पण नागेश वळला होता. त्याने चेंडू मागे दिला, त्याने त्याच्या मागच्याला, त्याने त्याच्या मागच्याला, आणि असं करत चेंडू जिथून आला होता तिकडेच परत निघाला. आंबेकोंडची पोरं आ वासून बघत राहिली. शेवटी चेंडू धाकूच्या हातात आला. धाकू खूश होऊन हसला, लाटेत त्याचा पाय घसरला आणि चेंडू निसटला. आंबेकोंडच्या एका पोराने तो उचलला, पलीकडे पळत नेला आणि टेकवला.

खाजणवेळ हरलं.

सगुण चालत गेला. त्याने तो चेंडू स्वतः उचलला. बाबली तांडेलसमोर जाऊन त्याने चेंडू पुढे केला.

"घ्या," तो म्हणाला. "बुडवा. मीच सांगतो, बुडवा. दगडाला शिकवलं असतं तर दगडाने टेकवला असता. मला या गावाचा कंटाळा आला."

बाबलीने हात पुढे केला. तेवढ्यात नागेश दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. तो जन्मात कधी थोरांच्या मध्ये बोलला नव्हता.

"काकानू, तो तेंका देऊ नका."

"तू बाजूला हो. आण मोडलीस तू."

"आण तेरा जणांनी घेतलेली. तेरा जणांनी मोडली," नागेश म्हणाला. "पण चेंडू तुमचो एकट्याचो नाय. आमचे हात लागले. आमचो वाटो आसा त्यात."

"मी आणलाय तो. विलायतेहून."

"होडी पण कोणतरी आणताच, काकानू. म्हणून सगळी मासळी तेची होता?"

मग गर्दीतून साबाजी पुढे आला. "तसा बघूक गेला," तो खोकत म्हणाला, "तर माझो पण हात लागलो आसा. मी सरळ केललंय." मागून सत्यभामा म्हणाली, "आणि चेंडूवरचो चिखल रोज धुता कोण?" आंबेकोंडची पोरं एकमेकांना कोपराने ढोसायला लागली. त्यांचेही हात लागले होते.

सगळे बाबली तांडेलकडे बघायला लागले. त्याने दाढी खाजवली. आयुष्यभर ज्या कायद्याने त्याने रापण चालवली तोच आता त्याच्या समोर ओला होऊन उभा होता.

"वाटेकऱ्यांका विचारल्याशिवाय वाट्यातली वस्तू बुडवूक येणा नाय," तो शेवटी म्हणाला. "सगळे वाटेकरी एकत्र बसूचे. सगळे हो म्हणतले, तर बुडवू."

वाटेकरी बसणार कधी? सकाळी रापण. दुपारी जाळ्यांची डागडुजी. उरली संध्याकाळ, म्हणून बाबलीला संध्याकाळची रापण सोडावी लागली. ठरलं की वाटेकऱ्यांची बैठक रोज संध्याकाळी पुळणीवर भरेल. बैठक भरायला लागली. पण कधी आंबेकोंडची होडी उशिरा यायची, कधी साबाजीचा दमा उसळायचा, आणि सगळे जमेपर्यंत पोरांनी करायचं काय? पोरं खेळायची. असं म्हणतात की ती बैठक अजून पुरी झालेली नाही, कारण रोज कुणा ना कुणाचा हात चेंडूला नव्याने लागतो आणि एक वाटेकरी वाढतो.

आणि सगुण? तो त्या संध्याकाळी नागेशकडे कितीतरी वेळ बघत राहिला. या पोराने त्याला, त्याच्या तोंडावर, नाही म्हटलं होतं. बोटीच्या कठड्याला टेकून त्याने जे मागितलं होतं ते हेच होतं, फक्त ते आपल्यावरच उलटेल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. घरी जाताना तो सत्यभामेला म्हणाला, "हरले ते हरले, पण टेकवायला काय झालं होतं?"

पुढे तो म्हातारा झाला तरी रेषेच्या कडेने ओरडत चालायचा. असं म्हणतात की एका पौर्णिमेला नागेशच्या मुलाने, अगदी बापासारखा, रेषेवर उभा राहून मागे बघितलं. सगुण ओरडत ओरडत रेषेबरोबर चालत गेला, रेषा पाण्यात गेली, तोही गेला, आणि त्याचा आवाज तेवढा लाटांवर बराच वेळ ऐकू येत राहिला.

आजही खाजणवेळच्या मंडळाच्या फलकावर कुणाचा फोटो नाही, कुण्या पुढाऱ्याचं नाव नाही. संघ पोरं आणि आता पोरीही स्वतःच निवडतात, आणि स्वतःच चुकतात. पण दर नारळी पौर्णिमेला गावातल्या एका मोठ्या माणसाला सगुणचा मान देतात. ज्याला मान मिळाला त्याने खेळभर रेषेच्या कडेने चालायचं आणि जिवाच्या आकांताने ओरडत राहायचं. त्याला शिट्टी मिळत नाही, खुर्ची मिळत नाही, पाणी मात्र मिळतं. आणि मैदानावरच्या कुणीही, काहीही झालं तरी, त्याचं ऐकायचं नाही.