पाठ न दाखवणारी ट्राम

तारळगड संस्थानात ट्रामचा पहिला फेरा झाला आणि तिचा गाडीवान तुरुंगात गेला.

अपराध उघड होता. ट्रामचे रूळ राजवाड्याच्या दारापासून निघून सरळ यमाईच्या देवळापर्यंत जात. दोन घोडे जुंपलेली ट्राम निघाली, तेव्हा श्रीमंत जयवंतराव महाराज सज्जात उभे होते. महाराजांना पाठ दाखवण्यास संस्थानात सक्त मनाई होती. म्हातारे मानकरीसुद्धा दरबारातून उलट्या पावली बाहेर पडत आणि उंबऱ्याला अडखळत. आणि आज गाडीभर उतारू महाराजांच्या डोळ्यांदेखत पाठ फिरवून, वर हसत हसत, निघून गेले!

“इतक्या पाठी आम्ही लढाईतसुद्धा पाहिल्या नाहीत!” महाराज म्हणाले.

महाराजांनी लढाई पाहिलेली नव्हती. ते कोणी बोलून दाखवले नाही.

उतारूंना सोडून दिले, कारण ते पुष्कळ होते. मल्हारी गाडीवान एकटा होता, म्हणून त्याला धरले. “ट्राम अदब शिकेपर्यंत हा आत राहील,” असा हुकूम झाला.

दुसऱ्या दिवशी दिवाण त्रिंबकपंतांनी सर्व उतारूंना राजवाड्याकडे तोंड करून बसवले. गाडीवानाऐवजी एक मोतद्दार घोड्यांचे लगाम धरून उलट्या पावली चालला. वाटेत तो हौदात पडला, पण अदबीने पडला. महाराज संतुष्ट झाले. मात्र ट्राम देवळाशी पोहोचली, तेव्हा सगळे भक्त देवीपुढे पाठमोरे येऊन ठेपले. पुजारीबुवांनी हातातली आरती खाली ठेवली. महाराज देवभक्त होते. त्यांनी नवा हुकूम काढला: पाठ राजवाड्याकडे नको आणि देवीकडेही नको!

तिसऱ्या दिवशी दिवाणांनी अर्ध्या वाटेवर सर्वांना उठवून उलटे फिरवले. त्या गडबडीत बेलिफाचे कोपर शाळामास्तरांच्या नाकावर बसले. शिवाय महाराजांनी दुर्बिणीतून पाहिले, तो पाठी पुन्हा त्यांच्याकडेच!

“पुरे झाले,” महाराज म्हणाले. “शुक्रवारी देवीचे दर्शन घेतो. ते झाले की रूळ उखडा!”

हे मल्हारीची मुलगी येसू हिच्या कानावर गेले. ती रोज बापासाठी तुरुंगात भाकरी नेत असे. ट्राम अदब शिकली तरच बाप सुटणार होता. ट्रामच उरली नाही, तर ती शिकणार केव्हा आणि बाप सुटणार केव्हा? येसूने त्या शुक्रवारी भाकरी फडक्यात बांधली, देवीचे नाव घेतले आणि तुरुंगाऐवजी देवळाची वाट धरली.

महाराज बग्गीतून आले. दर्शन घेऊन उलट्या पावली बाहेर पडले आणि देवळासमोर थांबलेल्या ट्रामपाशी येऊन उभे राहिले. गडी पहारी घेऊन तयार होते. इतक्यात येसू पुढे झाली आणि महाराज व देऊळ यांच्या मधोमध आडवी उभी राहिली. तिचे तोंड ना इकडे होते ना तिकडे. समोरच्या हलवायाच्या दुकानाकडे होते.

दिवाण कडाडले, “अगं ए! महाराजांकडे तोंड कर!”

“मग देवीकडे पाठ होईल, दिवाणसाहेब.”

“तर देवीकडे कर!”

“मग महाराजांकडे होईल.”



महाराजांनी तिला खालून वर न्याहाळले. “कोण ही?”

“मल्हारी गाडीवानाची लेक, सरकार. मी उभी आहे, तसं ट्राममध्ये बसवा सगळ्यांना. बाकं सोडवून दोन्ही कडांना लावा. देवीच्या प्रसादाला पंगत बसते, तशी माणसं समोरासमोर बसतील. पाठ तुम्हांला नाही नि देवीलाही नाही!”

सुतारांनी तेथल्या तेथे बाके फिरवली. चार बायाबापड्या बसवून पाहिल्या. महाराज एकदा पुढून आणि एकदा मागून बघून आले. पाठ दिसली नाही.

“पण पाठ कोणाकडे तरी होणारच,” ते म्हणाले.

“होणार ना, सरकार. एका अंगाला हलवाई आहे. दुसऱ्या अंगाला दिवाणसाहेबांची कचेरी.”

“हलवायाची हरकत आहे काय?” महाराजांनी विचारले.

हलवायाची हरकत नव्हती. दिवाणांना कोणी विचारले नाही.

तरीही महाराज हट्टाला पेटलेलेच होते. “आणि गाडीवान? तो काही पंगतीत बसणार नाही. ट्राम राजवाड्यापासून निघाली की त्याची पाठ आम्हांला दिसणार. रूळ राहू द्या, पण तुझा बाप आतच राहील!”

येसूने भाकरी या हातातून त्या हातात घेतली.

“सरकार, आज देवळाला कशातून आलात?”

“बग्गीतून.”

“मग वाटभर सरकारांच्या समोर काय होतं?”

महाराजांनी बग्गीकडे पाहिले. उंच बैठकीवर कोचमन बसला होता. इतकी वर्षे, प्रत्येक वाटेवर, महाराजांच्या समोर त्याची रुंद पाठच होती! कोचमनाच्या हातातला चाबूक गळून पडला.

“हुकूम तो हुकूम,” येसू म्हणाली. “यालाही धरायला हवं. माझ्या बापाच्या कोठडीत जागा आहे. घोडेही पाठमोरेच होते. त्यांचं काय ते दिवाणसाहेब बघतील.”

“अगं, पण मग आम्ही राजवाड्यावर जायचं कसं?”

“ट्रामनं, सरकार! रूळ पार दारापर्यंत आहेत. गाडीवान तेवढा कैदेत आहे!”

 महाराज हसू लागले. इतके हसले की त्यांना पागोटे सावरावे लागले. पुजारीबुवा हसले, पहारी टाकून गडी हसले. दिवाणांनी परवानगी मागितली आणि मग तेही हसले.

“मल्हारीला सोडा!” महाराज म्हणाले. “हाकणाऱ्याच्या पाठीला आजपासून माफी! पोरी, तुला काय हवं?”

“लवकर सोडा, सरकार. भाकरी निवते आहे.”

महाराजांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून तिच्या ओंजळीत घातला. कैद्याला आणायला त्यांनी स्वतःची बग्गी धाडली. आणि ती परत येईपर्यंत ते ट्राममध्ये, देवीला डाव्या हाताशी ठेवून, बायाबापड्यांच्या पंगतीत बसून राहिले.