नाव विचारणारी खिडकी

ही खिडकी बघा. फोटो मागाहून काढा, आधी ऐका. मला इथे फिलूआजी म्हणतात, या चर्चची झाडलोट माझ्याकडे असते. आमच्या वसईकडच्या या छोट्याशा चर्चला एवढं मोठं दार आहे, पण सणाचा पाव मात्र या हातभर खिडकीतूनच वाटतात. आणि घ्यायला येईल त्याला आतून विचारतात, "कोण? कोणाचा?" आपलं नि आईचं नाव सांगितल्याशिवाय पाव मिळत नाही. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, तरी विचारायचंच. एकदा बिशप आले होते, त्यांनाही सोडलं नाही.

हे सारं सांतीण ब्रियोलांजामुळे. सांतीण म्हणजे संत झालेली बाई. ती काही आपल्याकडची नव्हे. फार जुन्या काळी पोर्तुगालात होऊन गेली, असं सांगतात. पाद्र्यांनी तिची गोष्ट आणली आणि आमच्या बायांनी ती ठेवून घेतली.

तरुणपणीच विधवा झाली. पदरात एकच मुलगा, मार्तीम. तो तापाने अगदी जायला टेकला तेव्हा ती नवस बोलली, "देवा, हा जगू दे. मी तुझ्या भिंतीत राहीन, तुझ्या गरिबांना वाढीन. आपला-परका करणार नाही, कोणाचं नाव विचारणार नाही, तोंड बघणार नाही." पोर जगलं. आता नवस म्हणजे नवस. तिने त्याला दूरच्या गावी भावाकडे सोडलं आणि चर्चला लागून असलेल्या खोलीत स्वतःला चिणून घेतलं. एवढीशी खिडकी, तिला काळा पडदा. पडद्याखालून तिचा हात बाहेर यायचा, हातात पाव असायचा. मला विचाराल तर देवाने असलं काही मागितलं नव्हतं. पण आई घाबरली की वाट्टेल ते कबूल करते.

वर्षं गेली. दुष्काळ पडला. मामाचं घर उपासमारीत गेलं. उरला एकटा मार्तीम, आता चांगला बाप्या झालेला. तो आईच्या खिडकीशी रांगेत येऊन उभा राहिला. ती नाव विचारणार नाही हे त्याला ठाऊक होतं. आपण सांगितलं तर तिचा नवस मोडेल, म्हणून तोही गप्प राहिला. पाव घेतलाच नाही म्हणे, नुसता तिचा हात धरून राहिला. तिला वाटलं, कोणीतरी जास्तीचं मागतोय. तिने हात सोडवून घेतला. म्हणाली, "बाबा, मागच्यांना येऊ दे."

तो बाजूला होऊन भिंतीला टेकून बसला, तो पुन्हा उठलाच नाही. जुन्या लोकांनी त्याला चेहऱ्यावरून ओळखलं, आणि मग खिडकीशी जाऊन तिला सांगावं लागलं.

तिने पडदा ओढून फाडला. त्या दिवसापासून येईल त्याला विचारू लागली, "कोण रे तू? कोणाचा?" पाद्री रागावले, नवस मोडलास म्हणाले. ती म्हणाली, "ज्याच्यासाठी बोलले होते, तोच गेला." मरेपर्यंत ती विचारतच राहिली, असं सांगतात.

म्हणून आजही विचारतात. ज्याचं माणूस परत आलं नाही, त्याने त्या माणसाचं नाव सांगायचं, मग त्याच्या वाट्याचा पाव मिळतो. माझा मुलगा बस्त्याव बोटीवर गेला तो गेलाच. गेल्या सणाला खिडकीत माझी भाची बसली होती, लहानपणी त्याच्याबरोबर खेळलेली. तरी तिने विचारलं, "कोण?"

मी म्हटलं, "बस्त्याव. फिलूचा."

तिने पाव दिला. गरम होता. घरी नेऊन कोणाला देणार? इथेच बसून मी खाल्ला.